पाणाड्याची हमी, फी ५,००० रुपये: पाणी लागले, तरी दोनच तारे

माण तालुक्यातल्या आमच्या सामाईक शेतात यंदाच्या उन्हाळ्यात बोअर मारायची ठरली, तेव्हा जागा दाखवण्यासाठी ज्या पाणाड्यांना बोलावले त्यांच्या सेवेचा हा अभिप्राय आहे. त्यांचे नाव आणि गाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार माणसाबद्दल कमी आणि त्यांनी विकलेल्या वस्तूबद्दल जास्त आहे, आणि ती वस्तू आमच्या भागात अनेक जण जवळजवळ त्याच शब्दांत विकतात. बोअरला पाणी लागले, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पाणी लागूनही दोनच तारे का, हे समजावण्यासाठीच एवढे लिहावे लागत आहे. साताऱ्यात मी बरीच वर्षे सांख्यिकी शिकवली, त्यामुळे 'हमखास' हा शब्द ऐकला की हात आपोआप वहीकडे जातो; हा दोष मी मान्य करतो.

सेवेच्या बाह्य अंगांबद्दल बोलायचे तर बोट ठेवायला जागा नाही. सकाळी सातची वेळ दिली होती आणि सातला पाच मिनिटे कमी असताना गृहस्थ बांधावर हजर होते. बोलणे अदबीचे होते. आधी त्यांनी सगळे शेत पायी फिरून पाहिले, ओढ्याच्या बाजूला थोडा वेळ थांबले, मग तळहातावर नारळ आडवा धरून चालू लागले. जिथे नारळ उभा राहिला तिथे तांब्याच्या दोन सळयांनी खात्री केली आणि चुन्याने फुली मारली. 'एकशे चाळीस फुटांवर तीन इंच पाणी' (इंच हे बोअरमधून येणाऱ्या पाण्याच्या धारेचे माप) असे सांगून छापील पावती दिली. पावतीवर '१०० टक्के पाणी, अन्यथा फी परत' ही ओळ ठळक आणि तिच्या अटी बारीक अक्षरात होत्या. मी चष्मा लावून त्या वाचल्या. किती पाणी म्हणजे पाणी, हे कुठेच नव्हते. बोअर २५० फुटांपर्यंत नेली नाही तर हमी रद्द, असे मात्र होते.

प्रत्यक्षात १८० फुटांवर सव्वा इंच पाणी लागले. सांगितलेल्यापेक्षा चाळीस फूट खोल आणि निम्म्याहून कमी. तरीही पाणाड्याच्या, बोअरच्या गाडीवाल्याच्या आणि माझ्या चुलत भावाच्या हिशेबाने पॉइंट 'पास' झाला, आणि कोरड्या धुळीनंतर ओला चिखल उडायला लागल्यावर क्षणभर माझ्याही तोंडून 'लागलं!' निघून गेले. निशाण आधी काढायचे की बाण लागेल तिथे नंतर वर्तुळ काढायचे, हा दाव्यांच्या तपासणीतला पहिला प्रश्न आहे. फुली मारल्यानंतर आणि गाडी येण्याआधी मी वहीत खोली, इंच आणि तारीख लिहून ठेवली नसती, तर तो १४० चा आकडा आज कोणालाही आठवला नसता.

आता हमीकडे वळू. खडकाच्या पोटातले पाणी नारळाला कळते हा दावा असाधारण आहे, आणि फी परत करण्याची तयारी हा त्याचा पुरावा आहे असे बहुतेकांना वाटते. बोअर मारण्यापूर्वी मी वाडीतल्या शेजाऱ्यांकडे जाऊन अलीकडच्या बोअरचा हिशेब विचारला. अठरा बोअरपैकी अकरांना कामापुरते पाणी लागले होते, सात फेल गेल्या होत्या. जागा कोणी नारळाने ठरवली होती, कोणी ओढा पाहून, तर एकाने गाडी वळायला सोयीची म्हणून. म्हणजे अंगी कोणतीही विद्या नसलेल्या माणसाने अठरा जणांना फुल्या मारून दिल्या, प्रत्येकी पाच हजार घेतले आणि सात जणांचे पैसे प्रामाणिकपणे परत केले, तरी त्याच्याकडे पंचावन्न हजार रुपये उरतात. शिवाय अकरा घरांत त्याचा फोटो देवघराशेजारी लागतो. ज्यांची बोअर फेल गेली, त्यांचे केसिंगसह तीस हजारांच्या घरातले पैसे मातीत जातात आणि त्यांतले पाच हजार परत मिळतात. विद्या असो वा नसो, ही हमी देणे सारखेच परवडते. म्हणून ती विद्येबद्दल काहीच सांगत नाही.

मग मी त्या दाव्याला किती शक्यता दिली होती? वहीत आकडा आहे: हजारात एक. हा आकडा आकाशातून पडलेला नाही आणि काटेकोर मोजलेलाही नाही. आमच्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत. त्यात पाणी साठते ते मुरमात, खडकाच्या भेगांत, सच्छिद्र पट्ट्यांत आणि दोन थरांच्या सांध्यावर. अखंड काळ्या पाषाणातून नारळापर्यंत पोहोचेल असा कोणताही परिणाम पदार्थविज्ञानाला माहीत नाही. हातात धरलेली वस्तू आपोआप वळते असा अनुभव खोटा नसतो, पण स्नायूंच्या नकळत होणाऱ्या हालचालींनी तो समजावता येतो. इतक्या गोष्टी विरुद्ध असताना हजारात एक हे औदार्यच झाले, असे माझे काही सहकारी म्हणतील. मी ते मुद्दाम केले. कारण पुढे सांगतो.

इथे एक जुना वाद आठवतो. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४८ मध्ये म्हटले की चमत्काराची साक्ष मानायची, ती त्या साक्षीचे खोटे असणे चमत्काराहूनही मोठा चमत्कार ठरेल तेव्हाच. त्याला रिचर्ड प्राइसने १७६७ मध्ये उत्तर दिले. हा प्राइस म्हणजे थॉमस बेज या गणितज्ञाचा मित्र, ज्याने बेजचा शक्यतेवरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये उजेडात आणला. त्याचा मुद्दा असा, की सोडतीत अमुकच क्रमांक लागणे अत्यंत असंभव असते, तरी वर्तमानपत्रात तो छापून आला की आपण बिनतक्रार विश्वास ठेवतो. आपल्याकडची राज्य लॉटरी डोळ्यांसमोर आणली की प्राइसचे म्हणणे पटते. मात्र त्याचे कारण बारकाईने पाहावे लागते. वर्तमानपत्राला चूकच करायची असती, तर तोच क्रमांक छापण्याचे त्याला काही कारण नव्हते. पण अनोळखी माणूस फोन करून 'तुमचाच नंबर लागला, आधी पाच हजार भरा' म्हणाला, तर क्रमांकाची असंभाव्यता तितकीच राहूनही साक्षीचे मोल कोसळते, कारण खोटे बोलणारा नेमके हेच वाक्य बोलला असता. दावा किती दुर्मीळ, एवढेच पाहून भागत नाही. तो खोटा असता तरी हेच शब्द कानावर आले असते का, हे पाहावे लागते. 'तीन इंच पाणी आहे' हे वाक्य पाणाडी प्रत्येक बांधावर बोलतो.

पाणी लागल्यावर चुलत भाऊ म्हणाला, "दादा, आता तरी मान." मी मानले, पण हिशेबाने. १०० टक्क्यांचा दावा खरा असेल तर यश निश्चित होते. काहीच विद्या नसेल तरी अठरात अकरा वेळा यश येणारच होते. म्हणून एका यशाने दाव्याच्या बाजूचे पारडे अठरा भागिले अकरा, म्हणजे सुमारे १.६४ पट जड होते. हजारास एक असलेले प्रमाण साधारण सहाशे अकरास एक झाले. इतकाच फरक. याच वेगाने एकही अपयश न येता सलग पंधरा बोअर पास झाल्या, तर कुठे मला हा दावा खोट्यापेक्षा खरा वाटू लागेल. आमच्या वाडीसारख्या जागी पाणी लागणे मुळातच सोपे असल्यामुळे प्रत्येक यशाचा पुरावा म्हणून भाव कमी. जिथे दहात एकच बोअर पास होते अशा माळावर सलग चार यशे मिळाली, तर मी स्वतः हार घेऊन जाईन.

पण हा हिशेबही पाणाड्याच्या बाजूने झुकलेला आहे, कारण मी दोनच पर्याय धरले: नारळ खरा, किंवा माणूस पूर्ण अडाणी. तिसरा पर्याय सगळ्यात साधा आहे. चाळीस वर्षे बांधाबांधाने हिंडलेल्या माणसाला जमिनीची नजर असते. ओढा कुठून वळतो, कोणते झाड भर उन्हाळ्यात हिरवे राहते, शेजारच्या विहिरीला कोणत्या अंगाने पाझर आहे, हे तो नकळत टिपतो. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचे अख्खे प्रकरण झाडे आणि वारुळे यांवरून पाणी ओळखण्यावर लिहिले. त्यातला प्रत्येक ठोकताळा टिकेल असे नाही, पण वरच्या खुणांवरून खालचा अंदाज बांधणे यात अलौकिक काही नाही. या साध्या पर्यायाला मी चारात एक शक्यता देतो. तेव्हा पॉइंट पास झाला की त्याचे श्रेय आधी नजरेला जाते. आमचे पाणाडी सकाळी ओढ्याजवळ थांबले होते, ते मी पाहिले होते. नारळाला श्रेय द्यायचे असेल तर नजर बाजूला काढावी लागेल.

म्हणून मी त्यांना विनंती केली की चुन्याची फुली मातीने झाकतो, तुमचे डोळे पंच्याने बांधतो, आणि भाऊ तुम्हाला दुसऱ्या बाजूने शेतात फिरवेल; नारळ पुन्हा उभा राहतो तिथे खूण करू. त्यांनी मनात खोट न ठेवता होकार दिला, याचे मला आजही कौतुक आहे. दुसरी खूण पहिलीपासून सत्तर फुटांवर पडली. ते शांतपणे म्हणाले, "खाली दोन प्रवाह आहेत." हे होऊ शकते. पण खूण त्याच जागी पडली असती तर ती विद्येची खात्री ठरली असती, आणि सत्तर फुटांवर पडली तर दुसरा प्रवाह सापडला. जे स्पष्टीकरण दोन्ही निकालांना बसते, त्याने तराजू कुठल्याच बाजूला हलत नाही. एका खेपेवरून मी काही सिद्ध झाले म्हणणार नाही. मोठ्या प्रमाणावर असा प्रयोग १९८७–८८ मध्ये म्युनिकजवळ एका कोठारात झाला होता. सुमारे पाचशे उमेदवारांतून निवडलेले ४३ पाणाडी वरच्या मजल्यावर, खाली पाण्याचा नळ दरवेळी यादृच्छिकपणे ठरवलेल्या जागी सरकवलेला, आणि ८४३ खेपा. बहुतेकांचे निकाल नुसत्या अंदाजाइतकेच आले. प्रयोगकर्त्यांना मूठभर जणांत काही दिसले, पण जिम एनराइट यांनी तीच आकडेवारी तपासून दाखवले की एका फेरीत चमकलेला माणूस दुसऱ्या फेरीत चमकत नव्हता.

आणखी एक साधा प्रश्न सातारकराला पडायलाच हवा. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. त्यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चमत्कार सिद्ध करणाऱ्याला २१ लाख रुपये देण्याचे आव्हान जाहीर केले होते. पाच हजारांच्या चारशेवीस फिया मिळून तेवढी रक्कम होते. विद्या शंभर टक्के असेल तर दोन-चार दिवसांच्या कामात ते २१ लाख कोणी जिंकून का नेले नाहीत? न नेण्याची दुसरी कारणे असू शकतात, त्यामुळे हा निर्णायक पुरावा नव्हे. पण मी तो शून्यही धरत नाही.

फीचा हिशेब आता सोपा आहे. आमच्या डाळिंबाला पाणी मिळण्याचे मोल मी चार लाख रुपये धरले. नारळ खरा असण्याची शक्यता हजारात एक, आणि खरा असला तर वाचणारे अपयश अठरात सात. गुणाकार केला की नारळाची योग्य किंमत सुमारे १५६ रुपये येते. नजरेचे म्हणून आणखी काही द्यायला मी तयार होतो, पण नजरेची फी वेगळी सांगत नाहीत. पाच हजार का दिले, असे कोणी विचारील. शेत सामाईक आहे, भावाने नारळाशिवाय बोअर मारायला साफ नकार दिला होता, आणि घरातल्या शांततेचे मोल माझ्या गुणाकारात पाच हजारांहून जास्त भरले.

खरी गंमत पुढे झाली. पाणी लागल्याच्या आनंदात पाणाड्यांनी दुसरी सेवा पुढे केली: फी २५,०००, शेताच्या वरच्या कोपऱ्यात ९०० फुटांवर 'भूगर्भातली नदी', दहा इंच पाणी, सात पिढ्यांना आटणार नाही. मी हसलो, तर भावाने माझेच शस्त्र माझ्यावर उगारले. "दादा, हजारात एक म्हणतोस न्हवं? मग सात पिढ्यांचं पाच कोटीचं पाणी धर. हजारानं भाग. पन्नास हजार झालं, आणि ह्यो मागतोय पंचवीस. तुझ्याच हिशेबानं घ्यायला पायजे."

त्याने शाळा दहावीत सोडली, पण जो पेच त्याने बांधावर उभा केला त्यावर तत्त्वज्ञ अजून झगडत आहेत. निक बॉस्ट्रॉम यांनी २००९ मध्ये तो एका छोट्या संवादात मांडला आणि त्याआधी २००७ मध्ये एलिएझर युडकोव्स्की यांनी. हत्यार नसलेला लुटारू पास्कलला (शक्यतेचे गणित मांडणारा सतराव्या शतकातला फ्रेंच गणितज्ञ) म्हणतो, पाकीट दे, उद्या इतके पटीने परत देतो की तुझा अविश्वास कितीही असला तरी गुणाकार माझ्याच बाजूने पडेल. आश्वासनाचा आकडा वाढवायला तोंडाची वाफ पुरते. शक्यता मात्र आपण एकदा ठरवून तिथेच धरून ठेवली, तर जो सर्वात मोठी थाप मारील त्याच्या हाती आपले पाकीट जाणार.

यातून सुटण्याचे दोन-तीन मार्ग सांगितले जातात. ब्यूफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७७७ मध्ये सुचवले की दहा हजारांत एकाहून लहान शक्यता शून्यच धरावी, कारण छप्पन वर्षांच्या माणसाला पुढच्या एका दिवसात मरण येण्याची शक्यता साधारण तेवढी असते आणि तो काही त्या भीतीने रात्र जागून काढत नाही. मला हे पटत नाही. खंबाटकी घाटातून एकदा हेल्मेटशिवाय जाण्याची जोखीम त्या रेषेच्या खालीच असेल, पण रोज जाणाऱ्याने रोज ती शून्य धरली तर वर्षांचा हिशेब त्याला एक दिवस चुकवावाच लागतो. गणितज्ञ डॅनिएल बर्नुलीचा १७३८ चा मार्ग अधिक जवळचा वाटतो: रकमेच्या प्रमाणात समाधान वाढत नाही. आमच्या दोन एकर डाळिंबाला लागणारे पाणी ठरलेले आहे. दहा इंच आले तर उरलेले ओढ्याला सोडावे लागेल, आणि सातव्या पिढीतला कोणी डाळिंब लावील की पुण्यात नोकरी करील हे मला ठाऊक नाही. तेव्हा पाच कोटी हा आकडा शेतात नसून भावाच्या वाक्यात आहे.

पण माझे मुख्य उत्तर वेगळे आहे, आणि ते भावाला पटलेही. हजारात एक ही शक्यता मी 'नारळाला पाणी कळते' या दाव्याला दिली होती, 'नारळाला पाणी कळते आणि ९०० फुटांवर नदी आहे आणि ती सात पिढ्या आटणार नाही' या दाव्याला नव्हे. प्रत्येक 'आणि' बरोबर शक्यता घटते, वाढत तर कधीच नाही. इथे ती नुसती घटत नाही, कोसळते. आमच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे त्याच काळ्या लाव्हाच्या खडकात, पाणी भेगांत असते, चुनखडीच्या प्रदेशासारख्या भूमिगत नद्या त्यात वाहत नाहीत, आणि जितके खोल तितक्या भेगा सहसा मिटत जातात. ज्या जिल्ह्यात महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो त्याच जिल्ह्यात माणला तो ५०० च्या आसपास पडतो. न आटणारी नदी भरणार कशाने? (राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल बोअरवर बंधने आणली आहेत, ही बाब कोणी पावतीवर छापत नाही.) शिवाय आश्वासन मोठे करायला बोलणाऱ्याला काही खर्च येत नसेल, तर त्याच्या मोठेपणाबरोबर खोटेपणाची शक्यताही निदान त्याच वेगाने वाढली पाहिजे. पाच कोटींऐवजी पन्नास कोटी म्हटले, तर मी एक भागिले दहा करून पुन्हा तिथेच येईन. मी भावाला म्हणालो, "असं कर, उद्या कोणी येऊन ५० हजार मागेल आणि शंभर कोटी म्हणेल. त्यालाही देणार?" तो म्हणाला, "त्याला कशापायी? त्यो थापाड्याच आसंल."

दाव्याला मी शून्य का दिले नाही, ते सांगायचे राहिले. शून्याला कितीही पुराव्याने गुणले तरी शून्यच राहते; मग पुढची पन्नास शेते पास झाली तरी माझे मत हलणार नाही, आणि तो हट्ट पाणाड्याच्या हट्टाहून वेगळा नसेल. आकाशातून दगड पडतात ही खेडुतांची साक्ष अठराव्या शतकातल्या पुष्कळ विद्वानांनी हसण्यावारी नेली होती. १७९४ मध्ये क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने ती गंभीरपणे घेतली. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधल्या लेग्ल गावावर दगडांचा अक्षरशः पाऊस पडला, बिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिथे जाऊन गावोगावच्या साक्षी आणि दगड गोळा केले, आणि विद्वानांचे मत बदलले. ज्यांनी हजारात एक तरी शक्यता ठेवली होती त्यांना बदलायला जागा होती.

कोणाला बोअरसाठी जागा ठरवायची असेल, तर आधी आसपासच्या पास आणि फेल बोअर मोजाव्यात. ते फुकट आहे. मग राज्य सरकारच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे किंवा जमिनीची विद्युतरोधकता मोजून देणाऱ्या भूवैज्ञानिकाकडे जावे. ते शंभर टक्क्यांचे नाव काढत नाहीत, आणि त्यांच्याकडे जाण्याचे माझ्या लेखी तेच एक कारण पुरेसे आहे.

दोन ताऱ्यांपैकी एक वक्तशीरपणाचा आणि एक डोळे बांधून घ्यायला तयार झाल्याचा. अलीकडे त्यांचा पुन्हा फोन आला. नदीची फी आता २०,००० केली आहे. मी सांगितले की पुढच्या पंधरा शेतांची खोली, इंच आणि तारीख गाडी येण्याआधी लिहून मला पाठवा, पंधराही नोंदी खऱ्या उतरल्या तर वीस हजार रोख देतो. पाठवतो म्हणाले. आजपर्यंत दोन शेतांची नोंद आली आहे, दोन्हींत पाणी लागले आहे, आणि दोन्ही नोंदींवर बोअर झाल्यानंतरची तारीख आहे.